राणी शेवटची कधी जेवली?

नागापूरच्या एमआयडीसीत दुपारी पाळी सुटायच्या थोडं आधी एका कारखान्याच्या कॅन्टीनमागं कुत्री जमायला लागतात. भोंगा अजून व्हायचा असतो, कुणी हाकही मारलेली नसते. आधी एक बांडं कुत्रं येऊन भिंतीच्या सावलीत बसतं. मग एक कान तुटलेली कुत्री येते आणि तिच्यामागून तिची वयात आलेली दोन पिल्लं. कॅन्टीनचा पोरगा उरलेल्या चपात्या नि भाताचा डबा घेऊन मागचं दार उघडतो तोवर सगळी मंडळी हजर असते. थोड्या वेळात फरशी चाटून लख्ख होते आणि जो तो आपल्या वाटेला लागतो. ‘सुट्टीच्या दिवशी पण येतात. बसतात जरा वेळ, मग कळतं त्यांना,’ पोरगा म्हणाला.

संपादकांनी यंदाच्या दिवाळी अंकासाठी विषय दिला होता ‘वेळ’. तीन पाळ्यांत जगणाऱ्या कामगारांच्या घरातली वेळ कशी असते, ते बघायला मी नागापूरला गेले होते. तिथल्या एका घरात चहा घेताना गप्पा कुत्र्यांच्या जेवणावर घसरल्या आणि तिथून हलल्याच नाहीत. मग मीही ठरवलं, लिहायचं ते यावरच. उष्ट्यावर जगणाऱ्या भटक्या कुत्र्यांना जेवणाची ठरलेली वेळ होती. या घरातल्या चार लाडक्या कुत्र्यांना मात्र कित्येक वर्षं ती नव्हती.

चार कुत्री, एक घमेलं

नगर शहरातून मनमाड रस्त्यानं निघालं की सावेडी मागं पडते, सीना नदी ओलांडली की नागापूर लागतं. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण बसमध्ये तिकीट मागताना लोक ‘नगर’च म्हणतात.) एके काळचं हे गाव आता महापालिकेत आहे. औद्योगिक वसाहतीमुळं पाथर्डी, शेवगाव, नेवासा तालुक्यांतून नोकरीसाठी आलेली कुटुंबं इथं आणि शेजारच्या बोल्हेगावात स्थिरावली. भाड्याच्या खोल्या गेल्या, रो-हाऊस आली. दाराशी दुचाकी आली आणि बऱ्याच दारांत कुत्रंही आलं.

मी गेले ते घर असंच. काका कारखान्यात ऑपरेटर, पाळी दर आठवड्याला बदलते. काकू घरीच शिवणकाम करतात. मुलगी विळद घाटातल्या कॉलेजात जाते. काकांची आई पाथर्डीकडची, ऐंशीच्या घरातली, कान तिखट. शिवाय राणी, ब्रुनो, काळ्या आणि चिंगी. राणी अकरा वर्षांची गावठी कुत्री, घरातली सगळ्यात जुनी. ब्रुनो लॅब्राडॉर, काकांच्या एका मित्राची बदली झाली तेव्हा ‘महिनाभर सांभाळा’ म्हणून आला तो इथलाच झाला. काळ्या आणि चिंगी ही भावंडं. मनमाड रस्त्यावर त्यांची आई ट्रकखाली गेली आणि मुलीनं दोघांना ओढणीत गुंडाळून घरी आणलं.

चौघांचं जेवण एकत्र होतं. पोर्चमध्ये एक घमेलं ठेवलेलं असायचं आणि त्यात पोत्यातलं कोरडं डॉगफूड. इकडं त्याला सरसकट ‘पेडिग्री’ म्हणतात, मग पोतं कुठल्याही कंपनीचं असो. जाता-येता ज्याला घमेलं रिकामं दिसेल त्यानं डबाभर ओतायचं. पाळीच्या घरात याहून सोयीची पद्धत नाही. काका नाईटहून येऊन झोपलेले, काकूंच्या हाताखाली कुणाच्या लग्नाचे ब्लाउज, मुलगी बसमध्ये. घमेलं भरलेलं असलं की कुणाला घाई नाही आणि कुत्री उपाशी नाहीत.

मागच्या पावसाळ्यात राणी मलूल झाली. म्हातारी झाली, पाऊसपाण्यानं अंग दुखत असेल, असं सगळ्यांना वाटलं. ती पाणी जास्त पिते, हे आजींच्या लक्षात आलं होतं, पण पाण्याची बादलीही चौघांत एकच. शेवटी ती जागची उठेना तेव्हा सावेडीतल्या एका डॉक्टरांकडं नेली. त्यांनी पोट दाबून पाहिलं, ताप पाहिला आणि एक साधा प्रश्न विचारला, ‘ही शेवटची कधी जेवली?’

‘आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागलो, ताई,’ काकू सांगत होत्या. ‘घमेलं तर रोज रिकामं होत होतं.’

राणीच्या गर्भाशयात पू झाला होता. नसबंदी न केलेल्या वयस्क कुत्रीला माजावर येऊन गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत होणारा हा आजार. तहान वाढते, भूक मरते, आणि कधी कधी पू बाहेर दिसतही नाही. वेळेत शस्त्रक्रिया करून गर्भाशय काढलं नाही तर कुत्री जाते. राणी थोडक्यात वाचली. तिचं खाणं किती दिवसांपासून बंद होतं, ते आजही त्या घरात कुणाला सांगता येत नाही. तिचा वाटा ब्रुनो खात होता.

घमेलं काय लपवतं

या डॉक्टरांची भेट मी नंतर घेतली. नाव छापू नका म्हणाले, पण बोलले मोकळेपणानं. त्यांच्याकडं गायींची कामंही भरपूर. दुधात हा जिल्हा राज्यात पुढं, त्यामुळं इथल्या पशुवैद्यकाचा बराच दिवस गोठ्यातच जातो. ‘गोठ्यात माणसाला विचारलं, ह्या गायीनं काल किती खाल्लं, तर तो पाटीच्या हिशेबात सांगतो,’ ते म्हणाले. ‘धार काढायला अर्धा तास उशीर झाला तर त्याचा जीव वरखाली होतो. त्याच माणसाच्या दारातल्या कुत्र्याबद्दल विचारा, म्हणतो, खातं की!’

भूक कमी होणं हे कुत्र्याच्या अनेक आजारांचं सुरुवातीचं लक्षण असतं, मग दात दुखत असोत, मूत्रपिंड बिघडलेलं असो की गोचिडांमुळं येणारा ताप असो. एकट्या कुत्र्यापुढं भांडं भरून ठेवलं तर निदान ते तसंच राहिलेलं दिसतं. अनेक कुत्र्यांच्या घरात तेवढंही दिसत नाही. एकानं सोडलेलं दुसरा संपवतो, आणि माणसाला दिसतं ते फक्त रिकामं भांडं.

भांडं सदैव भरलेलं असलं की सगळ्यांना मनसोक्त मिळतं, हा गोड गैरसमज आहे. प्रत्यक्षात बळी तो कान पिळी. दांडगं कुत्रं घमेल्याच्या वाटेवर आडवं पडून राहतं. भांडण होत नाही, गुरगुरणंही नाही, नुसती एक नजर असते. बुजरं कुत्रं ती नजर वाचतं आणि रात्री सगळे झोपल्यावर येऊन चार दाणे खातं. काकूंना वाटायचं की काळ्या निवांत स्वभावाचा आहे, म्हणून सारखा पोर्चमध्ये लोळतो. डॉक्टरांनी मोबाईलवर काढलेली चित्रफीत बघितली आणि म्हणाले, ‘हा लोळत नाही. पहारा देतोय.’

ब्रुनोचं दुखणं उलटं. त्याचं वजन 41 किलो होतं, असायला हवं होतं 30 च्या आसपास. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये एका विशिष्ट जनुकाचा तुकडा गळालेला असतो. त्यामुळं पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. अशा कुत्र्यापुढं भरलेलं घमेलं ठेवून ‘त्याला लागेल तेवढं तो खाईल’ म्हणणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं. लॅब्राडॉरवरचाच दुसरा, जुना प्रयोग 48 कुत्र्यांचा. एकाच वेतातल्या जोड्या केल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं आयुष्यभर दिलं. 2002 मध्ये निष्कर्ष छापून आले. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान 13 वर्षं, दुसऱ्या गटाचं 11.2. सांधेदुखीही कमी खाणाऱ्यांत उशिरा आली. कुत्र्याच्या आयुष्यात पावणेदोन वर्षं म्हणजे काय, ते कुत्रं पाळलेल्याला सांगायला नको.

रात्रभर उघड्या राहिलेल्या खाण्याला मुंग्या लागतात, पावसाळ्यात बुरशी धरते आणि उंदीर येतात. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही.

भाकरी उघडी ठेवता येत नव्हती

आजींना मात्र या सगळ्या प्रकरणाचं नवल वाटत होतं. ‘आमच्याकडं कुत्र्याची भाकर येगळी थापायचे. सांच्याला माणसं जेवली की ताकात न्हाईतर कालवणात कुस्करायची अन् दगडी डोणीत घालायची. दिसभर भांडं भरून ठेवायला कुणाच्या घरी एवढं व्हतं?’

ठरलेल्या वेळेचं जेवण हे शहरी किंवा परदेशी खूळ आहे, असं सांगणारे मला या विषयावर बोलताना बरेच भेटले. आजींचं बोलणं ऐकलं की ते उलटं आहे, हे कळतं. ज्वारीची भाकरी ताकात कुस्करली की संध्याकाळपर्यंत आंबते, माशा बसतात. ती दिवसभर ठेवताच येत नाही. वाढायची, खाल्ली की डोणी धुवायची. मेंढरं घेऊन हिंडणाऱ्या धनगरांच्या वाड्यावर तर कुत्र्याचं जेवण मेंढरं वाघरात कोंडल्यानंतर, कारण त्यानंतर कुत्र्याची खरी राखणदारीची पाळी सुरू होते. दिवाळी झाली की पारनेर-संगमनेरकडचे कळप घाट उतरून कोकणाकडं निघतात. त्यांच्याबरोबर पोती भरून कुत्र्याचं खाणं जात नाही.

भांडं भरून ठेवण्याची चाल आपल्याकडं आली ती कोरड्या डॉगफूडबरोबर. ते दाणे आठ-दहा तास उघडे राहिले तरी वास मारत नाहीत, म्हणून ठेवले जाऊ लागले. वस्तू टिकते एवढ्याच आधारावर सवय पडली. कुत्र्याची गरज त्यात कुणी विचारलीच नाही.

आणि भाकरी कुत्र्याला पचतच नाही, असं हल्ली दुकानदार सांगतात, तेही अर्धवट आहे. 2013 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका स्वीडिश संशोधनानुसार पिष्टमय अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच असतात, कुत्र्यांत मात्र कितीतरी जास्त. माणसाच्या खरकट्यावर हजारो वर्षं काढलेल्या जनावराच्या शरीरात तेवढी सोय झालेली आहे. नुसत्या भाकरीवर प्रथिनं कमी पडतात, हा वेगळा मुद्दा.

पोर्चमधली पंगत

बदल करायचा ठरलं तेव्हा काकूंनी पहिला प्रश्न विचारला होता, ‘उद्यापासून घमेलं बंद करून टाकू का?’ डॉक्टर नको म्हणाले. आधी तीन दिवस फक्त मोजायचं. किराण्याच्या वजनकाट्यावर घमेल्यात जाणारं खाणं मोजलं तर रोजचं साधारण 1300 ग्रॅम निघालं. मग चौघांची वजनं केली. माणसानं कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. ब्रुनोला मात्र दवाखान्यातल्या काट्यावर न्यावं लागलं, कारण त्याला उचलणारं घरात कुणी नव्हतं.

वाटणीचा हिशेब सरळ गुणाकाराचा नाही. नुसतं जिवंत राहायला 10 किलोच्या कुत्र्याला दिवसाकाठी 400 च्या आसपास कॅलरी लागतात, पण 20 किलोच्याला 800 नाही, साधारण 660 लागतात. नसबंदी झालेल्या, हिंडत्या-फिरत्या प्रौढ कुत्र्याला त्याच्या दीडपट किंवा थोडं जास्त धरायचं. वजन उतरवायचं असेल तर हिशेब आजच्या वजनाचा करायचा नाही, जे वजन हवं आहे त्याचा करायचा. अशानं चौघांचे वाटे निघाले. काळ्या आणि चिंगीचा वाटा पूर्वी ते खात असतील त्याहून वाढला, ब्रुनोचा काही आठवड्यांत उतरवत अडीचशे ग्रॅमवर आणला. सगळी बेरीज किलोभर झाली. महिन्याला नऊ-दहा किलो खाणं वाचलं, ही बातमी काकांना सगळ्यात आवडली.

खाणं तेच ठेवलं. वेळ आणि खाणं दोन्ही एकदम बदलली तर जुलाब कशानं झाले ते कळत नाही. जे जनावर दिवसभर दाणे टिपत होतं त्याला लगेच दोन जेवणांवर आणलं नाही. पहिले तीन-चार दिवस दिवसातून चार वेळा थोडं थोडं, मग तीन वेळा, मग सकाळ-संध्याकाळ. भांडं ठेवल्यावर वीस मिनिटं थांबायचं. राहिलं तर उचलायचं, पुढच्या वेळेपर्यंत काही नाही. पाणी मात्र कधीच उचलायचं नाही.

खरी अडचण जागेची होती. चार कुत्र्यांना एकमेकांची ताटं दिसली की जेवण राहतं बाजूला. छोट्या घरात चार कोपरे शोधावे लागले. राणी आजींच्या खोलीत, दार लावून. ब्रुनो बाथरूमच्या बोळात. चिंगी जिन्याखाली, पुढं शिलाई मशीनचा जुना खोका आडवा. काळ्या पोर्चमध्ये साखळीला. क्रमही ठरला. आधी राणी, कारण तिला वेळ लागतो, आणि शेवटी ब्रुनो, कारण त्याचं दोन मिनिटांत होतं. चारही भांडी उचलून मोरीत गेल्याशिवाय एकही दार उघडायचं नाही.

मी हे प्रत्यक्ष बघितलं. दारं उघडली की चौघंही आपापल्या जागेवरून सुटतात आणि दुसऱ्याच्या जागेवर जाऊन रिकामी फरशी चाटतात. ब्रुनो तर चारही ठिकाणं शिस्तीनं तपासतो. मग कुणालाच काही सापडत नाही आणि सगळे बाहेर उन्हात जाऊन पडतात.

वीस मिनिटांचा नियम राणीला लावला नाही, हे मला महत्त्वाचं वाटलं. तिचे काही दात पडले आहेत. तिला कोमट पाण्यात भिजवून देतात आणि ती सावकाश खाते. हा नियम नखरेल कुत्र्यासाठी आहे, म्हातारीसाठी नाही. तसंच सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतंच, आणि मधुमेहाचं इंजेक्शन चालू असलेल्या कुत्र्याच्या जेवणाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. धडधाकट प्रौढ कुत्र्यानं एखादं जेवण नाकारलं तर काही बिघडत नाही. चिंगीनं पहिल्या दिवशी दोन वेळा तोंड फिरवलं आणि तिसऱ्या वेळी खाल्लं. पूर्ण एक दिवस पोटात काहीच गेलं नाही तर मात्र फोन करायचा.

काळ्या पहिला आठवडा गुरगुरला. काकांनी सुरुवातीला त्याला दटावलं, भांडं हातानं ओढून घेतलं. ‘मालक कोण ते कळायला पाहिजे,’ ही जुनी समजूत. डॉक्टरांनी ती मोडून काढली. गुरगुरणं ही कुत्र्यानं दिलेली सूचना असते. ती दाबून टाकली तर कुत्रं गुरगुरायचं सोडतं आणि थेट चावतं. त्याऐवजी काकांनी जवळून जाताना उकडलेल्या अंड्याचा तुकडा लांबूनच त्याच्या भांड्यात टाकायला सुरुवात केली. जवळ येणारा माणूस घ्यायला येत नाही, द्यायला येतो, हे काळ्याला पटायला महिना लागला. अजूनही त्याची साखळी तिथंच आहे, आणि पाहुण्यांच्या पोरांना जेवणाच्या वेळी पोर्चमध्ये मज्जाव आहे.

आजींच्या पदराखालचं बिस्किट

कुत्री दोन आठवड्यांत रुळली. माणसं अजून रुळताहेत.

ब्रुनोचं वजन पहिल्या महिन्यात हललंच नाही. काकूंनी काटा तपासला, मुलीनं ग्रॅम तपासले. शेवटी उलगडा झाला, आजी सकाळच्या चहाबरोबर त्याला ग्लुकोज बिस्किटं देत होत्या. ‘दोनच देते’ म्हणायच्या. मुलीनं पुडे मोजले तर रोजची दहा निघाली. अशा बिस्किटांत शंभर ग्रॅमला साधारण साडेचारशे कॅलरी असतात. दहा बिस्किटं म्हणजे ब्रुनोच्या दिवसभराच्या कोट्याचा पाचवा हिस्सा चहातच संपत होता. आजींना रागावून उपयोग नव्हता. ‘मुकं जनावर पदर धरून बसतंय, अन् म्या एकटीनं खाऊ?’ याला उत्तर नाही.

तोडगा मुलीनं काढला. रात्रीच प्रत्येकाच्या नावाच्या डब्यात दुसऱ्या दिवसाचं खाणं मोजून ठेवायचं. ज्याला लाड करायचे असतील त्यानं त्याच डब्यातले दाणे द्यायचे. डबा संपला की दिवस संपला. आजींच्या हातात आता बिस्किटाऐवजी डब्यातले दाणे असतात. ब्रुनोला फरक कळलेला नाही, त्याला हातातून मिळाल्याशी मतलब.

पाळीचं काय? काकांची पाळी दर आठवड्याला फिरते, त्यामुळं ‘काका आले की जेवण’ असं ठेवलं असतं तर कुत्र्यांची वेळही फिरली असती. सुरुवातीला त्यांनी मोबाईलचा गजर लावून अगदी सातच्या ठोक्याला वाढलं. आठवडाभरात पावणेसातपासून दारावर पंजे आणि भुंकणं सुरू झालं, नाईटहून आलेल्या काकांची झोपमोड झाली, शेजाऱ्यांची कुरबूर झाली ती वेगळी. मग घड्याळ सोडून घरातलं काम धरलं. सकाळी काकूंच्या पोळ्या लाटून तवा उतरला की, आणि संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की. ही दोन्ही कामं पाळीवर अवलंबून नाहीत, पण रोज अर्धा तास पुढंमागं होतात. तेवढी सैल वेळ कुत्र्यांना चालते. आणि भुंकणं चालू असताना भांडं खाली ठेवायचं नाही, हे कडक. भुंकण्यानं जेवण येतं असं एकदा शिकलेलं कुत्रं ते विसरत नाही.

माझं मत विचाराल तर या सगळ्या प्रकरणात कुत्र्यांना शिकवण्यासारखं फार थोडं होतं. घमेलं काढलं तेव्हा कळलं की चौघं किती खातात हे तर कुणाला माहीत नव्हतंच, पण कोण कधी घरात असतं, कोण कुणाला चोरून काय देतं, हेही कुणी एकमेकांना सांगत नव्हतं. काकूंनी फ्रीजवर एक कॅलेंडर लावलं आहे. वाढलं की खूण, कुणी सोडलं तर त्याचं नाव. दोन महिन्यांपूर्वी त्यावर एका सकाळी ‘चिंगी’ लिहिलेलं होतं, संध्याकाळीही ‘चिंगी’. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कळलं, गोचीडतापाची सुरुवात होती. औषधं लगेच लागू पडली.

पोटातला गजर

तवा उतरल्याचा आवाज झाला की चारही कुत्री उठून आपापल्या कोपऱ्यात जाऊन उभी राहतात, ब्रुनोची लाळ फरशीवर. हे दृश्य रशियात इव्हान पाव्हलॉव्ह यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नोंदवलं. लोकांना त्यांची घंटा आठवते, पण 1904 चं नोबेल त्यांना मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. अन्न पोटात पडायच्या आधीच, नुसत्या चाहुलीनं, जठरात पाचक रस सुटायला लागतो, हे त्यांनी दाखवलं. ठरलेल्या वेळी जेवणारं कुत्रं पोट तयार ठेवून जेवायला बसतं. जेवल्यानंतर आतड्याला चालना मिळते, म्हणून शीचीही वेळ ठरते. काकू याला सगळ्यात मोठा फायदा मानतात. पोर्च आता दिवसातून एकदाच धुवावा लागतो.

त्याचा एक त्रासही आहे. काही कुत्री दोन जेवणांतलं अंतर लांबलं की पहाटे पिवळं पित्त ओकतात. राणीला तो त्रास झाला. झोपायच्या आधी तिच्याच वाट्यातले मूठभर दाणे ठेवायला लागल्यावर थांबला.

मग दिवसातून एकदाच द्यावं का? अमेरिकेतल्या ‘डॉग एजिंग प्रोजेक्ट’नं हजारो मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांवरून 2022 मध्ये लिहिलं की एकदाच खाणाऱ्या कुत्र्यांची म्हातारपणातली समज सरासरीनं बरी दिसली. पण आजारी कुत्र्यालाच लोक दिवसातून अनेकदा खाऊ घालतात, असंही असू शकतं. अशा पाहणीतून कारण काय आणि परिणाम काय, ते ठरत नाही. दुसऱ्या बाजूला, मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत एकदाच भरपूर आणि भसाभस खाण्याचा संबंध पोट फुगून पीळ पडण्याशी लागतो. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड यांना हा धोका मोठा. पोट टम्म, ओकारीचे उमाळे येतात पण काही पडत नाही, लाळ गळते, कुत्रं बेचैन. असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, तासांचा प्रश्न असतो. जेवण झाल्यावर तासभर पळवायचं नाही. उंच स्टँडवर भांडं ठेवलं की हा धोका टळतो, अशी जाहिरात असते. पर्ड्यू विद्यापीठाच्या 2000 सालच्या अभ्यासात उलट दिसलं, उंच भांड्यांतून खाणाऱ्यांत प्रमाण जास्त होतं. भसाभस खाणाऱ्याला परातीत पसरून वाढणं हा स्वस्त उपाय. ब्रुनोला तसंच वाढतात.

दाराबाहेरची वेळ

कुत्र्याच्या जेवणाची वेळ आता कायद्यातही आली आहे. केंद्र सरकारनं मार्च 2023 मध्ये प्राणी जन्म नियंत्रण नियम काढले. वस्तीतल्या भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या दारांपासून दूर ठरवावी, आणि वेळ मुलं व म्हातारी माणसं बाहेर पडतात ती टाळून ठरवावी, असं त्यात आहे. दिल्ली परिसराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 22 ऑगस्ट 2025 रोजी रस्त्यावर कुठंही खाऊ घालायला मनाई केली आणि वॉर्डावॉर्डात त्यासाठी जागा ठरवायला सांगितलं. त्याच आदेशात सगळ्या राज्यांनाही प्रकरणात ओढलं.

नागापुरात संध्याकाळी दुचाकीवरून पिशवी घेऊन निघणारी, कोपऱ्याकोपऱ्यावर भात टाकत जाणारी माणसं आहेत. मनानं चांगली. पण रोज वेगळी वेळ, वेगळी जागा आणि सगळ्यांसाठी एकच ढीग, म्हणजे पोर्चमधलं घमेलंच रस्त्यावर आलं. दांडगी कुत्री खातात, ढिगावरून मारामारी होते आणि तेवढ्यात कुणाच्या तरी सायकलमागं लागतात. एमआयडीसीतल्या कॅन्टीनच्या पोरानं कुठलाही नियम वाचलेला नाही. तो एकाच वेळी, एकाच ठिकाणी, रहदारीच्या मागल्या बाजूला वाढतो आणि चार कोपऱ्यांत चार ढीग करतो. नियमांना हवं आहे तेही याहून फारसं वेगळं नाही. नसबंदी आणि रेबीजची लस टोचायला कुत्री पकडायची असतील तेव्हाही अशी ठरलेली जागा आणि वेळच कामी येते.

हा अंक हातात पडेल तेव्हा फटाके सुरू झालेले असतील. घरात कुत्री असतील तर या दिवसांत संध्याकाळचं जेवण अंधार पडायच्या आत आणि आतल्या खोलीत उरका, घाबरलेलं कुत्रं जेवलं नाही तर भांडं उचला पण पाणी राहू द्या. फराळाचं ताट जमिनीवर विसरू नका. बेसनाच्या लाडवातले बेदाणे कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात, तळलेला कांदा नि लसूण घातलेला चिवडा आणि चॉकलेटही त्याला विषारीच. आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाचा नैवेद्य म्हणून दारातल्या कुत्र्याला रोडगा वाढाल तेव्हा नुसता वाढा, कांदा घातलेलं भरीत माणसांसाठी ठेवा.